रबाळ्याऐवजी पनवेल: अटारॅक्सबद्दल माझं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घणसोलीत राहता, वय ३४, प्रोजेक्ट संपत आल्यापासून तीन आठवडे रात्री दोन-अडीचपर्यंत डोळा लागत नाही, छातीत धडधडतं. सासूबाईंना अंगाच्या खाजेसाठी डॉक्टरांनी दिलेल्या अटारॅक्स २५ च्या स्ट्रिपमधली एक गोळी घेतलीत आणि सकाळपर्यंत गाढ झोपलात. आता विचारताय, रोज घेतली तर चालेल का, बायको म्हणते तशी सवय लागेल का, आणि वडिलांनाही (७१, प्रोस्टेटचा त्रास) झोप नसते, तर त्यांना अर्धी द्यावी का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते घाईचं आहे. वडिलांना देऊ नका. अर्धी नको आणि पावही नको. का ते पुढे येईलच.

मी डॉक्टर नाही. पण या गोळीशी माझी ओळख जुनी आहे, आणि ती तुमच्यासारखीच चोरवाटेने झाली. काही वर्षांपूर्वी माझ्या अंगावर पित्त उठायला लागलं. रोज संध्याकाळी पोटावर, मांड्यांवर लाल गांधी. आमसुलाचं पाणी चोळून झालं, शेवटी नौपाड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रात्रीसाठी अटारॅक्स १० लिहून दिली. खाज गेलीच, पण त्या वर्षी डोक्यात सतत भुणभुणणारी काळजीही (लेकीची बारावी, सासऱ्यांचं डायलिसिस, बिल्डरकडे अडकलेले पैसे) दहा वाजता गप्प व्हायला लागली. पित्त महिन्याभरात थांबलं. गोळी थांबली नाही. ओळखीचा मेडिकलवाला होता, जुनी चिठ्ठी दाखवायची गरजही पडत नव्हती.

हे असं का होतं, तर आपल्या मेंदूत हिस्टामिन हे जागं ठेवणारं रसायन आहे. नाक वाहणं, खाज येणं ही त्याची शरीरातली कामं, पण मेंदूतलं काम पहाऱ्यावर उभं राहण्याचं. अटारॅक्स म्हणजे हायड्रॉक्सिझिन, तसंच सर्दीच्या गोळ्यांतलं सीपीएम (क्लोरफेनिरामिन), एव्हिल, फेनर्गन, खोकल्याच्या काही सिरपमधलं डायफेनहायड्रामिन, ही सगळी जुन्या पिढीची औषधं मेंदूत सहज शिरतात आणि त्या पहारेकऱ्याला बसवतात. नंतरच्या पिढीची, म्हणजे अलेग्रासारखी, मेंदूत फारशी जात नाहीत, म्हणून ती घेऊन झोप येत नाही. गंमत म्हणजे शरीर हायड्रॉक्सिझिन मोडून त्याचं जे बनवतं ते आपलं घरोघरचं सेट्रिझिन.

तेव्हा तुम्हाला लागलेली झोप खोटी नव्हती, आणि चिंतेवर हायड्रॉक्सिझिन देणं हा कुणा डॉक्टरचा जुगाडही नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून ते चिंतेसाठी मान्य आहे, चाचण्यांत ते नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलंय. पण पहिली पसंती म्हणून सुचवावं इतका पुरावा नाही. मानसोपचाराची अर्धी कपाटं या अ‍ॅलर्जीच्या औषधांच्या घराण्यातूनच भरली आहेत. फेनर्गनसारख्या औषधांनी शस्त्रक्रियेआधी रुग्ण विचित्र शांत होतात हे फ्रेंच सर्जन लाबोरी यांच्या लक्षात आलं, त्याच धाग्यावरून १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना देऊन पाहिलं गेलं. आपलं ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं. म्हणजे १९५२ पर्यंत तिथल्या आणि जगभरच्या रुग्णांसाठी धड औषध असं काही नव्हतंच.

आता सवयीचं. चिंतेवरची दुसरी गोळी, अल्प्राझोलाम, जशी माणसाला पकडून ठेवते तशी ही ठेवत नाही. म्हणूनच ज्यांना व्यसनाचा इतिहास आहे त्यांना डॉक्टर कधीकधी हीच देतात. बायकोला एवढं सांगा. पण दुसरी गोष्ट होते, शरीर तिला सरावतं. डायफेनहायड्रामिनच्या एका प्रयोगात दिवसातून दोनदा ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना चौथ्या दिवशी गुंगी जवळपास येईनाशी झाली होती. माझं इतक्या लवकर झालं नाही, पण तिसऱ्या आठवड्यात दहाची पंचवीस झाली आणि दोन महिन्यांनी मी पंचवीसच्या दोन घ्यायला लागले. आणि तरी दीड वाजता जागी.

झोप उडाली तरी सुस्ती मात्र जात नव्हती. हायड्रॉक्सिझिन रक्तात निम्मं व्हायला प्रौढ माणसात साधारण २० तास लागतात. म्हणजे रात्री बाराला घेतलेल्या गोळीतलं निम्म्याहून जास्त औषध सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये तुमच्याबरोबर चढलेलं असतं. माझा नेहमीचा ग्रुप एके दिवशी आधीच्या गाडीने गेला होता. ठाण्याहून पनवेल गाडी सुटते म्हणून खिडकी मिळाली, पर्स मांडीवर घेतली, ऐरोली ऐकल्याचं आठवतं. त्यानंतर एकदम एक कोळीण टोपली सरकवत म्हणाली, "ताई, गाडी यार्डात जाईल, उतरा." पनवेल! माझं ऑफिस रबाळ्याला. मस्टर चुकलं, साहेबांना ताप आल्याचं सांगितलं. संध्याकाळी नवऱ्याला हसत हसत सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, तू मंगळवारी घोडबंदरला स्कूटर घेऊन गेली होतीस. ते मात्र डोक्यात बसलं. तुम्ही ठाणे-बेलापूर रस्त्याने बाइकवर जात असाल तर हा परिच्छेद पुन्हा वाचा.

वडिलांना का नको ते आता. ही जुनी औषधं अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्या रसायनालाही अडवतात. त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, नजर धुरकटते, आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी तुंबू शकते. पार कॅथेटर घालावा लागतो. काचबिंदू असेल तर तोही भडकू शकतो. म्हाताऱ्या माणसांत गोंधळ उडतो आणि रात्री बाथरूमला जाताना पडण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची टाळायच्या औषधांची जी यादी आहे, तिच्यात ही सगळी बसतात.

माझ्या आईचं सांगते. वय ७८, कोपरीला भावाकडे. सर्दी झाली म्हणून तिला रात्रीची सर्दीची गोळी, वर खोकल्याचं सिरप, आणि पायाच्या मुंग्यांसाठी अमिट्रिप्टिलिन आधीपासून चालूच होती. पहाटे तीनला भाऊ उठला तर आई पॅसेजमध्ये उभी राहून चादरींच्या घड्या घालतेय आणि विचारतेय, "मखर अजून उतरवलं नाही?" मार्च महिना होता. आम्हाला वाटलं पॅरालिसिसचा झटका. फिजिशियननी आधी सगळ्या औषधांची पिशवी मागवली, टेबलावर रिकामी केली आणि तीन पाकिटं बाजूला काढली. तीन वेगवेगळ्या दुकानांतून, तीन वेगवेगळ्या कारणांसाठी आणलेली, पण डोक्यावर एकाच जातीचा मारा करणारी. ती बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी आई भावाला भाजीच्या हिशेबावरून बोलायला लागली. तेव्हा जिवात जीव आला.

सर्दीच्या गोळीचा विषय निघालाच आहे तर, झोपेसाठी ती घेणारे मी कितीतरी पाहिलेत. त्यात सीपीएमबरोबर पॅरासिटामॉल आणि फेनिलेफ्रिन असतं. फेनिलेफ्रिन बीपी वाढवू शकतं आणि लघवीही अडवू शकतं. झोपेसाठी आणलेल्या पाकिटात दोन नको असलेले पाहुणे.

अजून एक, आणि हे मेडिकलवाला सांगत नाही. हायड्रॉक्सिझिन हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत लयीत ढवळाढवळ करू शकतं. म्हणून युरोपात २०१५ मध्ये त्याची कमाल मात्रा प्रौढांना दिवसाला १०० आणि वृद्धांना ५० मिलिग्रॅमवर आणली. चिंतेसाठी हल्ली सर्रास मिळणारी एस्सिटालोप्राम, घसा बसला की मिळणारी अझिथ्रोमायसिन, उलटीची ऑन्डान्सेट्रॉन, हीसुद्धा त्याच लयीत हात घालतात. डॉक्टरकडे गेलात तर सासूबाईंच्या गोळीचं लपवू नका. दारूबरोबर तर अजिबातच नको.

कुणीतरी तुम्हाला खाली प्रोप्रॅनोलॉल सुचवेल, प्रेझेंटेशनआधी घ्यायची म्हणून. ती धडधड आणि हातांची थरथर थांबवते, डोक्यातला विचार थांबवत नाही. दमा असेल तर ती घ्यायचीच नाही. ठरावीक प्रसंगाची भीती असेल तर डॉक्टरला विचारण्यासारखी आहे, रात्रीच्या जागरणाला तिचा उपयोग नाही.

माझं पुढे काय झालं? पनवेलनंतर आठवड्याने मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. जायला दोन महिने उशीर का केला तर तीच लाज. आपल्याकडे कुणी जरा वेडंवाकडं बोललं की "ठाण्याला पाठवू का" म्हणतात, आणि मी तर ठाण्यातच राहते! त्या मनोरुग्णालयात ओपीडी आहे आणि बाहेर बसलेले लोक बँकेच्या रांगेतल्यासारखेच दिसतात, एवढं सांगते. मी खाजगीत गेले. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "झोप येत नाही, की झोपायला जायची भीती वाटते?" मी रडले. त्यांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन करायला सांगितलं (धडधडीमागे कधीकधी तेच निघतं, तुम्हीही करून घ्या), अटारॅक्स हळूहळू उतरवली, आणि झोपेची वही दिली. उठायची वेळ पक्की, रविवारीसुद्धा सहा. झोप येत नसेल तर पलंगावर लोळायचं नाही, बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायचं. पलंगावरचे तास आधी कमी करायचे, मग वाढवायचे. पहिले दहा दिवस मी सगळ्यांवर खेकसत होते. तिसऱ्या आठवड्यात एके रात्री घड्याळ न बघता झोपले. निद्रानाशावर जगभर आधी हीच पद्धत सुचवतात, गोळी नंतर.

प्रोजेक्ट संपेपर्यंत दोन-चार रात्रींसाठी डॉक्टरांनी स्वतः तुम्हाला अटारॅक्स लिहून दिली तर घ्या, त्यात पाप नाही. पण मात्रा त्यांची, बाइक त्या दिवशी घरी. आणि मध्यरात्री फारच गुदमरायला झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

वडिलांना रात्री किती वेळा लघवीला उठावं लागतं ते लिहा. त्यांची झोप तिथेच मोडत असेल तर आधी मूत्रविकारतज्ज्ञ. आणि सासूबाईंची स्ट्रिप परत करा. त्यांची खाज अजून थांबलेली नसेल.