पहिल्या फुटबॉल विश्वचषकात सर्वाधिक गोल करणारा स्ताबिले पुन्हा अर्जेंटिनाकडून का खेळला नाही? पुढे त्याचं काय झालं?

गिलेर्मो स्ताबिले अर्जेंटिनाकडून एकूण चारच सामने खेळला आणि ते चारही १९३० च्या विश्वचषकातले. गोल आठ.

मुळात तो राखीव खेळाडू. आमच्या कोल्हापुरात तालमीच्या संघात मी दोन हंगाम असाच बाकावर काढलेत. बूट बांधून बसायचं आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत बसूनच राहायचं. त्यामुळे त्याची गोष्ट वाचली तेव्हापासून हा माणूस माझ्या मनातून गेलेला नाही. फ्रान्सविरुद्धचा पहिला सामना त्याने बाहेरूनच पाहिला. मग कर्णधार मानुएल फेरेइरा परीक्षा द्यायला माँटेव्हिडिओहून, म्हणजे स्पर्धा भरलेल्या उरुग्वेच्या राजधानीतून, ब्वेनोस आयरेसला गेला आणि १९ जुलैला मेक्सिकोविरुद्ध स्ताबिले मैदानात उतरला. देशासाठी पहिलाच सामना, त्यात तीन गोल! विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक म्हणून कित्येक वर्षं हीच सांगितली जायची. अमेरिकेच्या बर्ट पॅटेनॉडने दोन दिवस आधीच तीन गोल केले होते, हे फिफाने २००६ मध्ये मान्य केलं. फेरेइरा परत आला, पण आता स्ताबिलेला बसवणार कोण? चिलीविरुद्ध दोन, उपांत्य सामन्यात अमेरिकेविरुद्ध दोन.

अंतिम सामना उरुग्वेशी. चेंडू कुणाचा वापरायचा यावरूनच वाद झाला. शेवटी पहिल्या सत्रात अर्जेंटिनाचा आणि दुसऱ्या सत्रात उरुग्वेचा चेंडू, असं ठरलं. ३७ व्या मिनिटाला स्ताबिलेने २-१ अशी आघाडी मिळवून दिली. उरुग्वेचे खेळाडू ऑफसाइड म्हणून ओरडत राहिले, पण पंच लांगेनस यांनी गोल कायम ठेवला. दुसऱ्या सत्रात चेंडू बदलला आणि सामना अर्जेंटिनाच्या हातून ४-२ असा निसटला.

त्याच वर्षी इटलीच्या जेनोआने त्याला नेलं. तिथेही पहिल्याच सामन्यात बोलोन्याविरुद्ध तीन गोल. पुढे पायाच्या मोठ्या दुखापतीने त्याचा बराच काळ खाल्ला. आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे: परदेशात खेळणाऱ्याला तेव्हा अर्जेंटिना संघात बोलावत नसे. १९३४ च्या विश्वचषकाला तर देशाने सगळा हौशी संघ पाठवला, १९३० मधला एकही खेळाडू त्यात नव्हता. स्ताबिले नापोली आणि पॅरिसच्या रेड स्टारकडून खेळून १९३९ मध्ये मायदेशी परतला आणि थेट राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला.

माझ्या मते त्याचं मोठं काम इथून पुढचं आहे. १९४१, १९४५, १९४६, १९४७, १९५५, १९५७ अशी सहा वेळा त्याच्या संघाने दक्षिण अमेरिकेचं अजिंक्यपद जिंकलं. आज आपण त्याच स्पर्धेला कोपा अमेरिका म्हणतो. शिवाय राष्ट्रीय संघ हातात असतानाच त्याने अर्जेंटिनातल्या रासिंग क्लबला १९४९ ते १९५१ सलग तीन वेळा लीग जिंकून दिली. पण त्याचा संघ ऐन भरात होता तेव्हा महायुद्धामुळे विश्वचषकच झाला नाही. १९५० आणि १९५४ ला अर्जेंटिना गेलीच नाही. १९४७ मध्ये त्याच्या हाताखाली सहा गोल करणारा दि स्तेफानो १९४८ च्या खेळाडूंच्या संपानंतर कोलंबियाला निघून गेला.

१९५८ ला अखेर विश्वचषकाची संधी आली आणि स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्गला चेकोस्लोव्हाकियाने ६-१ असा धुव्वा उडवला. स्ताबिलेचं पद गेलं. युरोपातले संघ किती वेगाने आणि किती दमाने खेळू लागलेत याचा अंदाज त्याला आला नव्हता, हे मान्यच करायला हवं. पण सगळं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडणं मला पटत नाही. वर्षभर आधीच लिमात झालेल्या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत सिवोरी, मास्कियो आणि आंजेलिलो या तिशीही न गाठलेल्या पोरांना घेऊन त्याने ब्राझीलला ३-० हरवलं होतं. त्या स्पर्धेनंतर तिघांनाही इटलीच्या क्लबांनी उचललं आणि नियम तोच, परदेशी गेलेल्याला संघात जागा नाही. सिवोरी आणि मास्कियो पुढे १९६२ चा विश्वचषक खेळले, पण इटलीच्या निळ्या जर्सीत.