राज्य कोणावर?

प्रश्न असा आलाय: राजकीय विचारांच्या इतिहासावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणायचा आहे, त्यातल्या ‘स्टेट’ला काय म्हणावं? ‘राज्य’ लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे महाराष्ट्र आणि कर्नाटक येतात, ‘सरकार’ लिहिलं की मंत्रिमंडळ, ‘राष्ट्र’ लिहिलं की झेंडा. ‘राज्यसंस्था’ आहे, पण तो क्रमिक पुस्तकातला वाटतो. शिवाय लेखात सोळाव्या शतकातला इटालियन विचारवंत मॅकियाव्हेली याचा ‘स्तातो’ही येतो आणि सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याचा ‘स्टेट’ही. दोघांना एकच शब्द चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही चालणार. का नाही ते कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

मॅकियाव्हेलीने ‘प्रिन्स’ हे राज्यकर्त्यांसाठीचं पुस्तक १५१३ साली लिहिलं, छापलं गेलं ते त्याच्या मृत्यूनंतर, १५३२ मध्ये. पहिल्याच वाक्यात तो म्हणतो की माणसांवर आजवर ज्यांची हुकमत चालली ते सगळे ‘स्ताती’ (स्तातोचं अनेकवचन) एकतर प्रजासत्ताकं होते, नाहीतर राजेशाह्या. हे वाचून अनेकांनी त्याला आधुनिक ‘स्टेट’ या कल्पनेचा जनक ठरवून टाकलं. मग १९५७ मध्ये इतिहासकार जे. एच. हेक्स्टर यांनी एक साधी, आपल्यासारख्या शब्दवेड्यांना आवडेल अशी गोष्ट केली. पुस्तकात जिथेजिथे ‘स्तातो’ येतो तिथलं क्रियापद तपासलं. निघालं असं की स्तातो बहुतेक ठिकाणी कर्म आहे. तो मिळवायचा असतो, राखायचा असतो, हिसकावून घ्यायचा किंवा गमावायचा असतो. स्वतः होऊन तो सहसा काहीच करत नाही. स्तातो म्हणजे राजाची पकड, त्याचं बस्तान.

याला मराठीत नात्याने सगळ्यात जवळचा शब्द कुठला, तर इस्टेट! विनोद नाही. ‘स्टेट’, ‘इस्टेट’ आणि ‘स्तातो’ ही तिन्ही लॅटिन ‘स्टेटस’ची पोरं आणि त्यामागचं लॅटिन क्रियापद आपल्या ‘स्था’ धातूच्या गोतावळ्यातलं. म्हणजे ‘संस्थान’ही या सगळ्यांचं चुलत भावंडच. इंग्रज औंधला आणि सांगलीला ‘स्टेट’ म्हणायचे, आपण संस्थान. दोन्ही शब्द ‘उभं असणं’ यातूनच आलेले. भांडणात आपण म्हणतो, ‘राज्य म्हणजे काय तुमच्या बापाची इस्टेट समजलात?’ तेव्हा ‘स्टेट’ आणि ‘इस्टेट’ ही एका व्युत्पत्तीची दोन टोकं एकमेकांवर आपटत असतात.

‘दौलत’चा प्रवास याहून गमतीचा. अरबीत मूळ अर्थ फेरा, पाळी. मग नशिबाचा फेरा, मग एखाद्या घराण्याची पाळी, मग सत्ता. आज अरबीत ‘स्टेट’ला ‘दौला’च म्हणतात. आपल्या जुन्या कागदांतही ‘मराठ्यांची दौलत’ म्हणजे राज्यच, पण बोलीत आता उरली ती धनदौलत.

पाळीवरून आठवलं. लपाछपीत आपण विचारतो, ‘राज्य कोणावर?’ ज्याच्यावर राज्य आलं तो बिचारा भिंतीकडे तोंड करून शंभरापर्यंत आकडे म्हणतो आणि बाकी सगळे त्याच्यापासून लपतात. राज्य येतं, राज्य जातं, नवा भिडू आला की त्याच्या गळ्यात पडतं. पोरांच्या या वापरात ‘राज्य’ ही एक पाळी आहे, एखाद्यावर येऊन बसणारी अवस्था आहे. मोठ्यांचा ‘राज्य’ही याहून फार लांब नाही. आपण राज्य करतो, मिळवतो, घालवतो. मराठेशाहीतल्या राज्यकारभारावरच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य म्हणतात, ‘संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग’. ते राज्यही राखायचं आहे. म्हणून मॅकियाव्हेलीच्या स्तातोला ‘राज्य’ बिनदिक्कत लिहा. क्रियापदं जुळतात, मग शब्दही जुळला.

हॉब्जकडे आलं की मात्र डाव बदलतो. त्याच्या १६५१ च्या ‘लेव्हायथन’ या पुस्तकाचं मुखचित्र पाहा. डोंगरांमागून एक मुकुटधारी राक्षस वर आलाय, उजव्या हातात तलवार, डाव्यात धर्मगुरूचा दंड. नीट पाहिलं तर त्याचं धड आणि हात शेकडो माणसांचे बनलेत आणि ती सगळी आपल्याकडे पाठ करून त्याच्या चेहऱ्याकडे बघतायत. खालचं शहर जवळजवळ रिकामं. हा राक्षस म्हणजे राजा नव्हे आणि गर्दीही नव्हे. गर्दीने मिळून आपला एक प्रतिनिधी नेमला की जी तिसरीच ‘व्यक्ती’ जन्माला येते ती. तिलाच हॉब्ज ‘कॉमनवेल्थ’ किंवा ‘स्टेट’ म्हणतो. राजा फक्त तिच्या नावाने बोलतो.

राजकीय विचारांचे इतिहासकार क्वेंटिन स्किनर आधुनिक राजकीय विचारांच्या पायावरच्या १९७८ च्या त्यांच्या दोन खंडांपासून हाच मुद्दा घासूनपुसून मांडत आलेत: आधुनिक स्टेट राज्यकर्त्यांपासूनही वेगळं आणि प्रजेपासूनही वेगळं. ही ‘व्यक्ती’ नेमकी कुठल्या जातीची, यावर त्यांचं आणि राजकीय अभ्यासक डेव्हिड रन्सिमन यांचं बराच काळ वाजलं. रन्सिमन यांचं म्हणणं, ती निव्वळ मानलेली, नाटकातल्या पात्रासारखी व्यक्ती. मला हा वाद जरा शब्दांचा कीस पाडण्यातला वाटायचा. मग २०२० मध्ये शॉन फ्लेमिंग यांचं पुस्तक आलं. स्टेटच्या जबाबदारीवर, म्हणजे कर्ज, करार, नुकसानभरपाई यांवर. तिथे या बारकाव्यांचं काम काय ते कळतं. आज एका मंत्रिमंडळाने काढलेलं कर्ज तीस वर्षांनी कोण फेडतं? तेव्हा ते मंत्री नसतात, त्यांना मतं देणारे अर्धेअधिक लोकही नसतात. तरी देणं असतं. मग ते देणं आहे कोणाचं?

तेव्हा माझी कसोटी कर्जाची. ‘सरकार पडलं’ हे वाक्य मराठीत रोजचं आहे, पण सरकार पडलं म्हणून कर्ज बुडत नाही. जो पडतो तो ‘सरकार’. ज्याच्या नावावर कर्ज राहतं ती ‘राज्यसंस्था’. तुमच्या वाक्यात स्टेट कर्ता असेल, म्हणजे कर लावत असेल, युद्ध पुकारत असेल, वचन देत किंवा मोडत असेल, तर ‘राज्यसंस्था’ वापरा, पुस्तकी वाटला तरी. एका परिच्छेदात तीनदा आला की कानाला सवय होते.

‘सरकार’ तर मुळातच माणसाला चिकटलेला शब्द आहे. फारसी ‘सर’ आणि ‘कार’, कामाचा मुख्य. ‘राणीसरकार’ म्हणा, नाहीतर ‘सरकार, पाहुणे आलेत’ म्हणा, समोर हाडामांसाचं माणूसच असतं. ‘शासन’ सरकारी गाड्यांवर ठीक. एरवी त्याला ताम्रपटावरच्या आज्ञेचा आणि ‘गुन्हेगाराला शासन झालंच पाहिजे’चा वास आहे. ‘राष्ट्र’ मनुस्मृतीने सांगितलेल्या राज्याच्या सात अंगांत येतं ते राजाच्या ताब्यातला मुलूख या अर्थाने, पण आज तो शब्द ‘नेशन’ला देऊन झालाय, परत मागू नका.

आता कोणीतरी म्हणणार की हे सगळं कौटिल्याने आधीच सांगितलंय. त्याच्याही सप्तांगात, म्हणजे राज्याच्या सात अंगांत, स्वामी हे एक अंग आहे, म्हणजे राजा आणि राज्य एक नव्हे, ही मोठी गोष्ट खरी. पण त्याच अर्थशास्त्रात आठव्या अधिकरणात सूत्र आहे, ‘राजा राज्यमिति प्रकृतिसंक्षेपः’, म्हणजे सगळ्या अंगांचा सारांश ‘राजा, राज्य’ एवढाच. मध्ये ‘च’, म्हणजे ‘आणि’, नाही. त्यामुळे ‘राजा आणि राज्य’ असं वाचायचं की ‘राजा हेच राज्य’, यावर पंडित अजून भांडतात. त्यात या ग्रंथावर वेगवेगळ्या काळातले थर आहेत, असं अभ्यासक मार्क मॅक्लिश यांनी २०१९ मध्ये सविस्तर मांडलंय. तेव्हा एका सूत्रावर हॉब्ज उभा करू नये. सात अंगांचं शरीर आहे, पण त्या शरीराच्या नावावर कोणी कर्ज मांडलेलं मला दिसत नाही.

‘राज्य’ने गोंधळ होतो ही तक्रार रास्त, पण तो एकट्या मराठीचा दोष नव्हे. संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदातलं राज्य म्हणजे महाराष्ट्र, गोवा वगैरे. बाराव्यातल्या राज्यात भारत सरकार, संसद, राज्यांची सरकारं आणि विधिमंडळं, शिवाय तुमची ग्रामपंचायतही. इंग्रजीतही दोन्हीकडे ‘स्टेट’च आहे. त्यांचाही वाचक संदर्भावरूनच ओळखतो.

एक खाच राहिली. लेखात ‘स्टेटलेस’ माणसं आली तर ‘राज्यसंस्थाविहीन’ वगैरे करू नका. ‘कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेली माणसं’ एवढं लिहिलं की पुरे.