शिडाच्या छोट्या होडीचं सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात सोडायची उभी फळी) घरीच काढून पॉलिश करता येतं का, की कारागिराला द्यावं?

येतं. आणि कारागिराला द्यायचंच असेल तर तो नात्यातला नसावा, एवढं बघा.

माझी होडी म्हणजे १३ फुटी, जुनी, एंटरप्राइझ नावाच्या प्रकारची. सोलापुरात टेम्पोतून उतरवली तेव्हा गल्लीतला पहिला प्रश्न होता, "चालवणार कुठं, कंबर तलावात?" उजनी धरणात चालवतो. हिवाळाभर मजा असते. मग पाणी ओसरायला लागतं, बुडालेली बाभळीची खोडं आणि जुन्या गावठाणांचे दगड वर येऊ लागतात. त्यातलंच काहीतरी बोर्डाला लागलं, खालचा कोपरा उडाला आणि लाकडानं पाणी प्यायलं. फुगलेलं बोर्ड केसमध्ये, म्हणजे ते ज्या खाचेतून वरखाली होतं तिच्यात, असं अडकलं की वरही येईना, खालीही जाईना. मे महिन्यात उजनी उणेत, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली, गेल्यावर होडी घरी आणली.

काढण्यात काही विशेष नाही. होडी दोन टायरांवर कुशीला लावा. बोर्ड ज्यावर फिरतं तो बोल्ट काढण्याआधी बोर्डाला दोरी बांधा, नाहीतर पायावर येतं. बोल्टाचे रबरी वायसर नवेच घाला, होडीत पाणी तिथूनच झिरपतं.

खरा घोळ पुढं झाला. आमच्या दाजींचं फर्निचरचं दुकान आहे आणि लाकडाच्या बाबतीत दाजींना उलटून बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. ते म्हणाले, "गच्चीवर टाक की दोन दिवस, खडखडीत वाळतंय. मग वरनं ऑइलपेंटचे दोन हात मार." मी टाकलं. पत्र्यावर, सोलापूरच्या मे महिन्यात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोर्डाचं कौल झालेलं. पट्टी आडवी धरली तर मध्ये करंगळी जात होती. उन्हाकडची बाजू वाळून आकसली, खालची ओलीच राहिली, मग दुसरं काय होणार? दाजी बघून म्हणाले, "लाकूडच भिकार होतं."

लाकूड भिकार नव्हतं. त्याच लाकडाचं बोर्ड आज सरळ आहे, आणि ते मी सरळ केलं. खोलगट बाजू खाली करून ओल्या कापडावर ठेवायची, फुगीर बाजूला ऊन द्यायचं. खालची बाजू ओल धरून पसरते, वरची आकसते. दर तासाला पट्टी लावून बघायचं, नाहीतर उलटा बाक येतो. कापड म्हणून आईची सोलापुरी चादर घेतली, कारण ती पाणी धरून ठेवते. तीन दिवस लागले. मग उभं करून सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असं पंधरा दिवस. हे आधीच केलं असतं तर बाक आलाच नसता.

पाणी बोर्डात मुख्यतः दोन जागांनी शिरतं, फुटलेल्या कडेतून आणि बोल्टाच्या भोकातून. दाजींच्या ऑइलपेंटनं भोक कसं बंद होणार होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. भोक मोठं पाडा, दाट केलेल्या इपॉक्सीनं (दोन भाग कालवले की घट्ट होणारं रसायन) पूर्ण भरा, नीट घट्ट झालं की त्यातच बोल्टाच्या मापाचं नवं भोक पाडा. म्हणजे बोल्ट लाकडाला लागतच नाही. पुढची कड गोलसर ठेवा. मागची निमुळती करा, पण सुरीसारखी नको. दोनेक मिलिमीटर जाडी राहू द्या, नाहीतर पहिल्याच दगडाला टवका उडेल.

मग सगळ्या बोर्डावर इपॉक्सीचे हात द्यायचे, पण ते संध्याकाळी लावा. सकाळी लावलं की ऊन चढताना लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि पृष्ठभागावर बारीक फोड येतात. (ही चूक माझी, दाजींची नव्हे.) आपल्याकडच्या उन्हाळ्यात एकदम वाटीभर कालवू नका, वाटीतच तापून दगड होतं. पसरट डबीत थोडं थोडं घ्या. दोन हातांच्या मध्ये तेलकट थर जाणवला तर आधी पाण्यानं धुवा, मगच पॉलिश पेपर मारा, नाहीतर पेपर भरतो. शेवटी यूव्हीवालं (ऊन सोसणारं) व्हार्निश पाहिजेच, कारण नुसतं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि पांढरी भुकटी सोडतं.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं. प्रत्येक हातानं जाडी वाढते. केसमध्ये फट किती आहे ते आधी मोजा, नाहीतर एवढं सगळं करून बोर्ड पुन्हा अडकेल. घासताना मास्क लावा, कालवताना हातमोजे घाला. तुमचं बोर्ड धातूचं असेल तर वरचं बहुतेक सगळं सोडून द्या. प्लायचं असेल तर बाकाची भीती कमी, पण कडांतून पाणी जास्त पितं.

कारागिराचं विचारलंत. रंगारी चांगला मिळाला तर व्हार्निशचा शेवटचा हात त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही. दाजी विचारत होते, मी नको म्हटलं. चादरीला इपॉक्सीचे डाग पडलेत, आई अजून विचारते. मी दाजींचं नाव सांगितलंय.