खेळाडूंची कार्डे जमवण्याचा छंद जन्मभर टिकतो का?

आपण विचारले आहे, की माळा आवरताना आईने जपून ठेवलेला शाळेच्या दिवसांतील क्रिकेट कार्डांचा डबा सापडला, तर वयाच्या छत्तिसाव्या वर्षी हा छंद पुन्हा धरणे पोरकटपणाचे होईल का, तो जन्मभर टिकतो का आणि डब्यातील कार्डांना आज काही किंमत येईल का. मी आज एक्कावन्न वर्षांचा आहे. १९८७ साली, रिलायन्स कपच्या वर्षी, मी कार्डे जमवू लागलो आणि नोकरीच्या सुरुवातीची चार-पाच वर्षे वगळली तर तो छंद कधी सुटला नाही. त्यामुळे अनुभवावरून उत्तर देतो. पैशांविषयीचे माझे उत्तर मात्र आपल्याला फारसे रुचणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

छंद टिकतो, पण आपल्या संग्रहाला आपणच कुंपण घातले तर. दिसेल ते कार्ड विकत घेणारे अनेक जण मी पाहिले आहेत. पहिल्या वर्षी त्यांचा उत्साह दांडगा असतो, दुसऱ्या वर्षी कपाट भरते आणि तिसऱ्या वर्षी आपल्याकडे काय आहे आणि काय नाही हेच त्यांना आठवेनासे होते. कंपन्या दरवर्षी नवे संच काढतात, शिवाय एकाच खेळाडूचे साधे, चमकदार, क्रमांक घातलेले आणि स्वाक्षरी केलेले असे वेगवेगळे प्रकार बाजारात आणतात. त्या सगळ्यांच्या मागे धावणे पगारदार माणसाच्या आवाक्यातले नाही.

माझे कुंपण असे, की जो खेळाडू पुण्याच्या मैदानावर खेळला, त्याचेच कार्ड माझ्या अल्बममध्ये येते. हे मी विचार करून ठरवले नव्हते. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी, गुरुवारी, आम्ही चौघे मित्र कॉलेज बुडवून स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर विश्वचषकातला केनिया आणि वेस्ट इंडीज यांचा सामना पाहायला गेलो. गेलो होतो ते अर्थातच ब्रायन लाराची फलंदाजी पाहायला. केनियाचा डाव १६६ धावांत आटोपला, त्यातही सर्वाधिक ३७ धावा अवांतर होत्या, तेव्हा संध्याकाळचा चहा घरीच होणार असे आम्ही धरून चाललो होतो. लारा ८ धावांवर यष्टिरक्षकाकडे झेल देऊन परतला आणि बघता बघता वेस्ट इंडीजचा संघ ९३ धावांत गारद झाला. त्या रात्री मी डब्यातून लारा, रिचर्डसन, अँब्रोज आणि वॉल्श अशी चार कार्डे वेगळी काढली आणि वहीच्या पानाच्या चिठ्ठ्या करून त्यांच्यामागे ठेवल्या. लाराच्या मागची चिठ्ठी अजून तशीच आहे. तीवर आम्ही कोणत्या बाजूला बसलो होतो, ऊन कोणत्या खांद्यावर येत होते आणि झेल घेतला गेला त्या क्षणी शेंगदाण्यांची पुडी कोणाच्या हातून सांडली, एवढेच लिहिलेले आहे. पुडी सांडणारा मित्र आता या जगात नाही. ते कार्ड बाजारात शे-दोनशे रुपयांना मिळत असेल, परंतु माझ्या घरात त्याहून मोलाच्या वस्तू फार थोड्या आहेत.

कुंपण घातले की स्वस्त कार्डांनाही अर्थ येतो. गहुंजेच्या मैदानावर २०१९ साली विराट कोहलीने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २५४ धावा केल्या, त्यामुळे त्याचे कार्ड मला हवेच होते आणि त्यासाठी मी बऱ्यापैकी पैसे मोजले. पण त्याच मैदानावर २०१७ साली ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत प्रत्येकी ३५ धावांत ६ बळी घेऊन भारताला हरवले होते. त्याच्या कार्डाला कोणी विचारत नाही, आणि मला मात्र ते मिळाले तेव्हा कोहलीच्या कार्डाहून अधिक आनंद झाला.

एक कार्ड तर मला हाताने करावे लागले. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ या तेव्हाच्या विश्वविक्रमासाठी फक्त ९ धावा कमी असताना प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला. निंबाळकरांचे छापील कार्ड काही केल्या हाती लागेना, म्हणून अप्पा बळवंत चौकातून जाड कार्डपेपर आणला, तो अडीच इंच बाय साडेतीन इंच या नेहमीच्या मापात कापला आणि मागच्या बाजूला शाईने आकडे लिहिले. अल्बमच्या पहिल्या पानावर तेच आहे.

हा छंद आमच्या घरात माझ्यापासून सुरू झालेला नाही. माझे आजोबा पुणे कॅम्पात कारकून होते आणि तिथल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून त्यांना सिगारेटच्या पाकिटातील चित्रे मिळत. सिगारेटचे पाकीट चेपू नये म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालत, त्यावर पुढे चित्रे छापली जाऊ लागली आणि आजच्या कार्डांचे मूळ बऱ्याच अंशी तिथेच आहे. आजोबांकडे जॉन प्लेयर कंपनीच्या १९३८ सालच्या पन्नास क्रिकेटपटूंच्या संचातली बरीच चित्रे होती. ती अल्बममध्ये चिकटवता यावीत म्हणून त्यांच्या पाठीला डिंक लावलेला असे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाणी नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात शिरले आणि डब्यातली सगळी चित्रे एकमेकांना चिकटून त्यांची विटेसारखी एक वडी झाली. ती वडी माझ्याकडे आहे. कडेने पाहिले तर वहीच्या पानांसारखे थर दिसतात, एका कोपऱ्यात नदीचा गाळ अजून घट्ट बसलेला आहे आणि वरच्या चित्रातल्या खेळाडूची हिरवी टोपी तेवढी ओळखू येते. आत ब्रॅडमन आहे, असे वडील नेहमी सांगत. कोमट पाण्यात भिजवून थर सोडवून पाहा, असे एका जाणकाराने सुचवले होते. परंतु प्रत्येक चित्राचा रंग वरच्या चित्राच्या डिंकाला धरलेला असल्यामुळे सोडवताना तो निघून येईल, अशी मला भीती वाटते. म्हणून मी तिला हात लावलेला नाही.

आता पैशांविषयी. मिकी मँटल या बेसबॉलपटूच्या १९५२ सालच्या टॉप्स कंपनीच्या एका कार्डाला ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले, ही बातमी वाचून अनेकांनी आपापले डबे उघडले. त्या संचातील न विकलेली खोकी कंपनीनेच १९६० साली समुद्रात बुडवली होती आणि मुलांकडची कार्डे घरोघरच्या आयांनी केर म्हणून टाकून दिली होती, म्हणून उरलेल्यांना ती किंमत आली. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतील कार्डे मात्र अमाप छापली गेली आणि पुढे भाव येईल या आशेने लोकांनी ती जपूनही ठेवली, त्यामुळे त्यांतील बहुतेकांना आज नगण्य किंमत आहे. आपल्याकडच्या ट्रम्प कार्डांचीही गत वेगळी नाही. अमेरिकेतल्या ग्रेडिंग कंपन्या कार्डाला १ ते १० गुण देऊन ते प्लॅस्टिकच्या कवचात बंद करतात, पण आपल्या डब्यातील कार्डांसाठी तो खर्च कार्डाच्या किमतीहून जास्त होईल.

महाग कार्ड घ्यायची वेळ आलीच, तर मोजपट्टी आणि भिंग जवळ ठेवा. काही वर्षांपूर्वी मी एका अनोळखी विक्रेत्याकडून तेंडुलकरचे एक कार्ड सात हजार रुपयांना घेतले. कोपरे इतके टोकदार होते की ते पेटीतून आजच काढल्यासारखे वाटत होते. आठवड्याभराने सहज मोजले, तेव्हा ते त्याच संचातील माझ्या इतर कार्डांहून रुंदीला जवळजवळ एक मिलिमीटर कमी भरले. झिजलेल्या कडा कोणीतरी कापून काढल्या होत्या. विक्रेत्याने पुढे फोन उचलला नाही. त्यानंतर मी सोन्या मारुती चौकाजवळून सराफ वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग आणले, आणि छपाईचे ठिपके ओळखीच्या कार्डांशी ताडून पाहिल्याशिवाय मोठा व्यवहार केलेला नाही.

आपल्या डब्यातली कार्डे रबरबँडने बांधलेली असतील, तर बँड आजच सोडा, कारण तो कडांना खाच पाडतो आणि जुना झाला की चिकटून बसतो. प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये घाला. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटांतून कालांतराने तेलकट अंश सुटून छपाई खराब होते. पुण्याच्या पावसाळ्यात कार्डे वाकतात आणि कसरही लागते, तेव्हा डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दरवर्षी मे महिन्यात बदला. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात आणि माळ्यावर डबा ठेवू नका. लॅमिनेशन मात्र कधीही करू नका. ते पुन्हा काढता येत नाही.

पोरकटपणाचा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नाही. शाळेच्या छोट्या सुट्टीत ‘डबल’ कार्डांची अदलाबदल करताना जी बोलणी होत, तीच मी आजही माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या लोकांशी करतो आणि त्यातून दोन जिवाभावाचे मित्र मिळाले. आपणही आधी आईला सोबत घेऊन डबा उघडा, कारण कोणते कार्ड कधी आणि कशाच्या बदल्यात आले हे कदाचित त्यांना आपल्याहून अधिक आठवत असेल, आणि ते लगेच लिहून ठेवा. त्यात रिची रिचर्डसन डबल निघाला, तर मला जरूर कळवा. माझ्याकडच्या त्याच्या कार्डाचा एक कोपरा दुमडलेला आहे, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे कोर्टनी वॉल्श दोन आहेत.