एका बॅटरीवरून बाराची लाइन काढू नका

प्रश्न : आमच्या ट्रॉलरवर बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केले आहेत. वायरलेस सेट १२ व्होल्टचा असल्यामुळे वायरमनने एकाच बॅटरीवरून लाइन काढून दिली. वर्षभरात दोनदा बॅटरी बदलावी लागली. कन्व्हर्टर घ्यायचा तर किती अँपिअरचा? – एक तांडेल, हर्णै

उत्तर : तांडेल, बॅटरीला दोष देऊ नका. ही जोडणीच तिला मारते. बंदरात तीस वर्षं वायरिंग करतोय आणि दर हंगामात अशा दोन-तीन नौका तरी हाताखालून जातात.

डायनॅमो दोन्ही बॅटऱ्यांना मिळून चार्ज करतो. त्याला फक्त २८ व्होल्टच्या आसपासची बेरीज दिसते, कुठली उपाशी आणि कुठली तुडुंब हे कळत नाही. रात्रभर सेट चालतो तो खालच्या, म्हणजे लाइन काढलेल्या बॅटरीवर. सकाळी इंजिन सुरू झालं की वरची आधीच भरलेली असते, तरी करंट तिच्यातूनही जातोच. मागच्या हंगामात एका नौकेवर इंजिन चालू असताना मी मीटर लावला, तर वरच्या बॅटरीवर १५.२ आणि खालच्या बॅटरीवर १३.२. वरच्या बॅटरीची बुचं ओली, तिच्याखालची फळी अॅसिडने काळी पडलेली. वरची बॅटरी उकळून मरते, खालची उपासमारीने. तुम्ही एकच बदललीत, म्हणजे जुन्याला नवं जोडलं आणि तफावत वाढली. आता दोन्ही एकदमच बदला.

मला खरी काळजी वाटते ती सेटची. वायरलेस ऐकायला एक अँपिअरसुद्धा लागत नाही, पण २५ वॅटवर बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो. खालची बॅटरी बसलेली असली की सगळ्यांचं बोलणं नीट ऐकू येतं, आणि तुम्ही बोलायला बटण दाबलंत की सेट बंद. वारा उठल्यावर हे कळून काय उपयोग? पाच माणसं असतात नौकेवर.

म्हणून २४चं १२ करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर घ्या, दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवरून जोडा आणि एका बॅटरीवरून काढलेली बाराची लाइन काढून टाका. वायरलेसला सहा, जीपीएस आणि मोबाइल चार्जरला मिळून तीन-चार, म्हणजे दहा अँपिअर झाले. वीसचा घ्या. पाटीवरचा आकडा सतत चालण्याचा आहे की क्षणभराचा, हे दुकानदाराला विचारा. फिश फाइंडरची (मासे शोधणाऱ्या यंत्राची) पाटी मात्र आधी वाचा. बऱ्याच फाइंडरवर १० ते ३५ व्होल्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर तो सरळ २४वर चालतो, त्याला कन्व्हर्टर नको.

कन्व्हर्टर इंजिनरूममध्ये बसवू नका, केबिनमध्ये सेटजवळ बसवा. बाराच्या बाजूला दहा अँपिअर असले तर चोवीसच्या बाजूला साडेसहाच वाहतात. बॅटरीपासून केबिन आठ मीटर धरली, तर अडीच चौरस मिमीच्या वायरवर बाराची लाइन नेताना जाऊन-येऊन सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. चोवीसची लाइन नेली तर पाऊण जातो, आणि तो कन्व्हर्टर भरून काढतो. वायर कथील चढवलेल्या तांब्याचीच हवी, साधं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं होतं. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर हवा. त्याच्या पलीकडे वायर घासून शॉर्ट झाली तरच तो वाचवतो. होकायंत्रापासून कन्व्हर्टर लांब ठेवा.

स्वस्त कन्व्हर्टर वायरलेसमध्ये घरघर करतात. बंदरातच तपासा: सेट तात्पुरता वेगळ्या १२च्या बॅटरीवर जोडा, चॅनेल १६ लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) पूर्ण उघडा आणि कन्व्हर्टर चालू-बंद करून ऐका. आवाज बदलला तर पैसे देऊ नका, दुसरा मागा.