केदारकंठाला जीन्स चालेल का?

प्रश्न: डिसेंबरएंडला उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक करतोय, सह्याद्रीत बरेच गड झालेत पण बर्फात पहिल्यांदाच. घरी एक जाडजूड जॅकेट, आजीने विणलेला लोकरी स्वेटर आणि जीन्स आहेत. भागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: जीन्स घरीच ठेवा. आणि कॉटनचे टीशर्टपण. आपल्याकडे राजगड चढताना घामाने टीशर्ट भिजला तर बरंच वाटतं, तिकडे तोच ओला टीशर्ट जीवावर बेततो, कारण कॉटन पाणी धरून ठेवतं, लवकर वाळत नाही आणि पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. केदारकंठा जवळपास 12,500 फूट आहे, माथ्याची चढाई पहाटे अंधारात सुरू होते.

अंगाला चिकटून पॉलिस्टर किंवा मेरिनोचं (बारीक, मऊ लोकरीचं) थर्मल, त्यावर आजीचा स्वेटर (तो नक्की घ्या, लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते), सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं शेल, म्हणजे पातळ बाहेरचं जॅकेट. तुमचं जाडजूड जॅकेट चालताना नाही, थांबल्यावर घालायचं. निघताना जराशी थंडी वाजलीच पाहिजे, नाहीतर दहा मिनिटांत घामाघूम.

मोज्यांचं मात्र सगळेच चुकतात, मीपण चुकलो होतो, दोन जाड जोड्या बुटात कोंबल्या, बूट आवळले गेले, रक्त फिरेना आणि बोटं बधिर. एकच लोकरीची जोडी घाला, एक कोरडी फक्त झोपताना. हातमोज्यांच्या दोन जोड्या घ्या, एखादा हरवतोच.