बायोबँकेच्या फॉर्मवर जात का विचारतात? सांगावी का?

बायोबँक म्हणजे संशोधनासाठी लोकांचे रक्ताचे नमुने आणि माहिती साठवून ठेवणारी जागा. तिथे रक्त द्यायला गेलात आणि फॉर्मवर जात, मातृभाषा, आईवडिलांचं मूळ गाव हे रकाने पाहून तुम्हाला खटकलं. खटकणारच. मी असे नमुने गोळा करण्याचं काम करते, आणि त्या रकान्यापाशी पेन थांबलेलं रोज बघते.

जात विचारतात ती सोयरिकीमुळे. पिढ्यान्‌पिढ्या लग्नं जातीतच झाली, त्यामुळे एखादा जनुकीय बदल एका समाजात साठत जातो आणि शेजारच्या घरात औषधालाही सापडत नाही. वैश्य समाजाचंच घ्या, हे लोक आंध्र-तेलंगणात आहेत तसे आपल्या नांदेडकडेही आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात सक्सिनिलकोलीन हे भूल देतानाचं औषध मोडणारं एन्झाइम फार कमी असतं. काही मिनिटांत उतरायचा अंमल तासन्‌तास उतरत नाही, स्नायू ढिले ते ढिलेच, आणि तोवर श्वास यंत्रावर. भूलतज्ज्ञाला हे आधी कळलं तर तो दुसरं औषध वापरतो.

यूके बायोबँकेत २००६ ते २०१० दरम्यान ५ लाख लोक सामील झाले, पण त्यातले ९० टक्क्यांहून जास्त गोरे. त्यांच्यावरून काढलेला आजाराचा अंदाज आपल्याला तितकासा लागू पडत नाही. आपल्या जीनोम इंडिया प्रकल्पाने ८३ समाजगटांतल्या सुमारे १०,००० लोकांचे जीनोम, म्हणजे शरीराचा सगळा जनुकीय आराखडा, वाचले, ते यासाठीच. म्हणून माझं मत, जात सांगा.

पण आधी विचारा. अमेरिकेतल्या हवासुपाई आदिवासींनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. ते स्किझोफ्रेनिया आणि त्यांच्या मूळ स्थलांतराच्या अभ्यासालाही वापरलं गेलं, त्यांना न सांगता. कोर्टात जाऊन, २०१० मध्ये तडजोड झाल्यावर उरलेलं रक्त त्यांनी परत नेलं.

आपल्याकडचं दुखणं वेगळं. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या एका शिबिरात मी जांभळ्या झाकणाच्या नळीवर नंबर चिकटवत होते. समोरच्या आजी बाही वर करता करता म्हणाल्या, "मांगच्या सालीबी रगत नेलं ना बाई, कागद काई आला नाई." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून निकाल कधी आणि कोण आणून देणार हे ठरल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही.

तुम्हीही हेच विचारा. नमुना आणखी कशाला वापरणार, नाव-जात कोणाला दिसणार, उद्या नको वाटलं तर नमुना काढून घेता येईल का, हेही. संमतीपत्र मराठीत मागा. सही केलेली प्रत घरी न्या, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती तुम्हाला मिळायलाच हवी.